मांजऱ्या, माडाचा पत्रा आणि ग्वाम

गेल्या अंकात घाणेरी, रानमोडी आणि गाजरगवत या परक्या पाहुण्यांबद्दल लिहिलं होतं. शेवटी जाता जाता प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटाचा आणि तिथले पक्षी फस्त करणाऱ्या तपकिरी सापाचा दोन ओळींत उल्लेख केला. झालं! घाणेरीबद्दल एक पत्र आलं आणि सापाबद्दल चौदा. रात्री ज्याचं नाव घ्यायला माणसं कचरतात, ‘लांबडं’ म्हणून वेळ मारून नेतात, त्याच्याबद्दल वाचायला मात्र सगळ्यांना हवं असतं. चौदांपैकी सहा पत्रं घेतली आहेत. बाकीच्यांचे प्रश्न यातच येऊन गेले.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमच्या गोठ्याच्या वाशावर एक बारीक, तपकिरी, मोठ्या डोळ्यांचा साप सापडला. शेजारच्यांनी मांजऱ्या म्हणून सांगितलं. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, की याच कुळातल्या सापाने एका बेटावरचे सगळे पक्षी संपवले. आमच्या पंधरा कोंबड्या आहेत. साप मारलेला नाही, बादलीखाली झाकून ठेवला आहे. पुढे काय करावं?
— एक वाचक, कणकवली तालुका

उत्तर : आधी बादली उचला. पत्राखाली तुमचा नंबर होता म्हणून मी लगेच फोन केला, तेव्हा कळलं की बादली म्हशीनेच त्या संध्याकाळी उलटवली आणि साप गेला. बरं झालं. आता निवांत बोलू.

तुमच्या मुलाने दाखवलं त्यात अर्धं खरं आहे. आपला मांजऱ्या आणि ग्वामचा तपकिरी साप यांचं आडनाव एकच, बोइगा. आपला बोइगा ट्रायगोनाटा, तो बोइगा इर्रेग्युलॅरिस. दोघांचं डोकं रुंद, मान बारीक, डोळे मोठे आणि बाहुली मांजरासारखी उभी. दोघे रात्री हिंडतात, दोघांचे विषदंत जबड्याच्या मागच्या बाजूला. सह्याद्रीत या आडनावाचे बरेच साप आहेत. 2019 मध्ये कोयनेच्या परिसरातून आणखी एका नव्या जातीची नोंद झाली, ती तर ओढ्याकाठी बेडकांची अंडी खाते. आडनाव एक म्हणून धंदा एक, असं माणसांतही नसतं.

तुमच्या गोठ्यातला मांजऱ्या पाली, सरडे, क्वचित उंदराचं पिल्लू किंवा लहानसा पक्षी खातो. पुरती वाढलेली कोंबडी त्याच्या तोंडात मावायची नाही. त्याला खरा धोका असतो तो फुरसं समजून मारला जाण्याचा. यात मी कुणाला नावं ठेवणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या एका बरणीवर मीच मोठ्या ऐटीत ‘फुरसं’ अशी चिठ्ठी लावली होती. दोन महिन्यांनी मालवणहून आलेला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “बाई, ह्या फुरसा न्हय. ह्येचा आंग बघा, दोरयेसारखा.” फुरसं आखूड, जाडसर, अंगावर करवतीसारखे खवले, चिडलं की वेटोळ्यावर वेटोळं घासून सर्रर आवाज काढतं. मांजऱ्या लांब, सडपातळ, खवले गुळगुळीत. ती चिठ्ठी मी मुलांसमोरच काढली.

आता ग्वाम. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून होतात त्याहून थोडं लहान बेट, सुमारे 540 चौरस किलोमीटर. वस्ती दीड लाखाच्या आसपास, सत्ता अमेरिकेची. तिथं साप म्हणावा असा एकच प्राणी होता, तो म्हणजे वाळा. हो, आपलाच! कुंडी रिकामी केली की गांडुळासारखा वळवळत निघतो तो आंधळा साप. याच्यात नर नसतातच, सगळ्या माद्या. त्यामुळे कुंडीतल्या मातीतून एक जरी परदेशी गेली तरी वस्ती उभी राहते. तो मुंग्यांची अंडी आणि वाळवी खातो, पक्ष्यांच्या वाटेला जात नाही. म्हणजे ग्वामच्या पक्ष्यांनी झाडावर चढणारा साप पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलाच नव्हता. घरटं कुठं बांधायचं, रात्री कुठं बसायचं, खालून सळसळ आली तर काय करायचं, हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. सगळी गोष्ट इथं आहे.

दुसरं महायुद्ध संपलं आणि न्यू गिनीच्या उत्तरेला असलेल्या ॲडमिरल्टी बेटांवरचं अमेरिकी लष्कराचं सामान ग्वामला हलवलं जाऊ लागलं. त्या सामानाच्या फटींतून 1940चं दशक सरता सरता किंवा 1950चं लागता लागता काही तपकिरी साप उतरले. पुढे जनुकं तपासली तेव्हा ग्वामच्या झाडून सगळ्या सापांची नाळ तिथल्याच मानुस बेटाकडच्या मोजक्या पूर्वजांशी जुळली. 1950च्या दशकात ते बंदराच्या आसपास दिसत होते. पुढच्या दशकाच्या अखेरीस बेटाच्या उत्तर टोकापर्यंत पोचले.

पक्षी त्याच वाटेने गेले, आधी दक्षिणेकडचे, शेवटी उत्तरेकडचे. कुणी म्हणालं कीटकनाशकं, कुणी म्हणालं पक्ष्यांचा मलेरिया. सापाने एका बेटाचं सगळं पाखरू संपवलं असं तोवर जगात कुठं घडलेलंच नव्हतं, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जाईना. ज्युली सॅविज नावाची तरुण संशोधक तिथं रोगांचा माग काढायला गेली, पण रोग सापडेना. तिने जुन्या माणसांना विचारलं, तुमच्या गावात साप पहिल्यांदा कधी दिसला आणि पक्षी कधी गेले? दोन्ही तारखा हातात हात घालून निघाल्या. मग तिने पिंजऱ्यात लाव्या ठेवून पाहिल्या. रात्रीत साप आत शिरत आणि लाव्या गायब होत. 1987 साली तिचा निबंध छापून आला. चामोरो बायाबापडे, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, साप खुराड्यात शिरतो असं आधीपासून सांगत होते. खुराडं ज्याचं असतं त्याला आधी कळतं, हे तुम्हाला मी काय सांगू!

रानातल्या बारा मूळ जातींपैकी दहा ग्वाममधून गेल्या. खंड्या, कावळा, नाचण, हिरव्या रानकबुतराच्या नात्यातलं एक सुरेख पाखरू, पाणकोंबडीच्या कुळातला न उडणारा कोको. माशीमाराची एक जात तर फक्त ग्वामचीच होती, ती जगातूनच गेली. उरलेल्या दोन म्हणजे मैनेच्या कुळातली साली आणि गुहेच्या भिंतीला घरटं चिकटवणारी पाकोळी. आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्यांच्या गुहा आहेत, त्यातलीच ही मंडळी.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मला अनेक वर्षं छळत होता. पक्षी संपले, मग साप उपाशी का मेले नाहीत? कारण सापाच्याच मुलखातली एक सापसुरळी मागाहून ग्वामला पोचली होती आणि ती मुबलक झाली. पाली होत्या, उंदीर होते. सापाची पिल्लं सापसुरळ्यांवर वाढतात, मोठी होतात आणि एखादं चुकार पाखरू आलंच तर त्याला गाठतात. ऐन भरात, 1980च्या दशकात, काही रानांत हेक्टरी पन्नास ते शंभर साप मोजले गेले. शंभर म्हणजे गुंठ्याला एक. तुमच्या गोठ्यासकट परसाचे किती गुंठे आहेत ते तुम्हीच मोजा आणि सापाला गुणा.

आपल्याकडे असं का होत नाही? कारण आपले बुलबुल, सातभाई, साळुंक्या सापाला ओळखून आहेत. आंब्यावर एक हरणटोळ दिसू दे, सातभाई दहा मिनिटं नुसता कालवा करतात. आणि सापालाही खाणारे आहेत. मोर, मुंगूस, सर्पगरुड, शिवाय दुसरे साप. ग्वामचा साप त्याच्या माहेरी, म्हणजे उत्तर-पूर्व ऑस्ट्रेलियात, न्यू गिनीत, सॉलोमन बेटांवर, पूर्व इंडोनेशियात, असाच सगळ्यांच्या धाकात राहतो आणि तिथं पक्षीही आहेत. खुराड्याला मात्र बारीक जाळी मारा. ती मांजऱ्यासाठी नव्हे, मुंगसासाठी.

प्रश्न : मी मालवाहू जहाजांवर सव्वीस वर्षं होतो. ग्वामच्या बंदरात कंटेनरभोवती ठेंगण्या, पांढऱ्या-तपकिरी कुत्र्यांना हुंगत फिरवताना पाहिलंय. आम्ही समजायचो गांजाबिंजासाठी असेल. तुमचा लेख वाचून शंका आली. हा साप नेमका राहतो कुठं, झाडावर की सामानात?
— निवृत्त खलाशी, दाभोळ

उत्तर : शंका बरोबर आहे. ते जॅक रसेल टेरियर. बंदर आणि विमानतळ सोडून जाणाऱ्या मालात साप आहे का हे हुंगायला त्यांना शिकवलेलं असतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्हीकडे’ असं आहे, आणि त्यातच त्याच्या पसरण्याचं गुपित आहे. रात्री तो फांद्यांवरून हिंडतो, पण दिवस उजाडला की त्याला एक अंधारी, घट्ट फट लागते. रानात ती फट म्हणजे माडाच्या झापांचा बेचका, केवड्याच्या पानांची बगल, झाडाची ढोली, चुनखडीच्या खडकातली भेग. बंदरात तीच फट म्हणजे पाइप, टायर, लाकडी पॅलेटची खालची बाजू किंवा विमानाच्या चाकाची खोबण. सापाच्या लेखी दोन्हींत फरक नाही. तो जहाजात चढतो ते परदेशी जायला नव्हे, झोपायला. जाग येईपर्यंत जहाज सुटलेलं असतं. बरं, अन्नावाचून बरेच दिवस काढायची त्याची तयारी असते.

असा झोपलेला साप कुठं कुठं निघाला बघा. ओकिनावात, हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियावर, थेट टेक्सासमध्ये. हवाईतल्या ओआहू बेटावर 1981 ते 1998 या काळात आठ मिळाले. हवाईत तर मुळात साप नाहीत आणि दुर्मीळ पक्षी आहेत, त्यामुळे तिथल्या माणसांची झोप उडाली. सुदैवाने तिथं वस्ती झाल्याचं दिसलेलं नाही. ग्वामच्या दक्षिण टोकाजवळ मात्र कोकोस नावाचं छोटं बेट आहे, साप नसलेलं म्हणून जपलेलं. तिथं 2020 च्या अखेरीस साप सापडले, एकटादुकटा नव्हे.

कुत्र्यांखेरीज कुंपणालगत सापळे टांगलेले असतात. आत जिवंत उंदीर असतो, पण वेगळ्या जाळीच्या कप्प्यात, दाणे आणि बटाट्याचा तुकडा घेऊन बसलेला. साप आत येतो, उंदीर शाबूत राहतो. रात्री माणसं विजेऱ्या घेऊन कुंपणाच्या कडेने चालतात, कारण जाळीच्या कुंपणावर साप आपण होऊन चढतात आणि पटकन दिसतात.

जाता जाता एक. ग्वामच्या ज्या झुडपी रानात हे साप दाटीने राहतात त्यातलं बरंचसं रान ‘तांगांतांगान’ नावाच्या झाडाचं आहे. लढाईत बेट भाजून निघालं, माती वाहून जाऊ नये म्हणून अमेरिकेने विमानातून त्याचं बी पेरलं. हे तांगांतांगान म्हणजे आपली सुबाभूळ! उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने जिचा इतका प्रसार केला आणि आमच्या कॉलेजच्या आवारात जी आम्ही हौसेने लावून पुढे वीस वर्षं उपटत होतो, तीच. म्हणजे परका साप परक्या झाडावर बसून परकी सापसुरळी खातो. ग्वामचं स्वतःचं त्यात काय उरलं, मला सांगता येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी आठवीत आहे. सापाला हातपाय नाहीत, मग तो गुळगुळीत खांबावर कसा चढतो? आमचे सर म्हणाले चढूच शकत नाही.
— विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बाळ, तुझे सर 2021 पर्यंत बरोबर होते. त्यांना रागावू नकोस.

झाडाची साल खरखरीत असते, तिला पोटाचे खवले अडकवून साप चढतो. खोड बारीक असेल तर त्याला वेढे घालून, आधी वरचा भाग आवळायचा, मग खालचा ओढून घ्यायचा, असा चढतो. जाड आणि गुळगुळीत नळकांड्यावर हे दोन्ही जमत नाही. म्हणूनच कोकणात माडाच्या बुंध्याला उंचावर गुळगुळीत पत्र्याची रुंद पट्टी ठोकतात. उंदीर पत्र्यापर्यंत येतो, नखं घसरतात, परत जातो. ग्वाममध्ये संशोधकांनी नेमकं हेच केलं. साली पक्ष्यासाठी खांबावर लाकडी घरटी लावली आणि साप येऊ नये म्हणून खांबाला पत्र्याचं नळकांडं बसवलं. रात्रीसाठी कॅमेरा लावला.

एका रात्री कॅमेऱ्यात साप नळकांड्यावर चढताना दिसला. त्याने शेपटीकडच्या अर्ध्या अंगाचा एक मोठा फास केला, खांबाभोवती टाकला आणि शेपटीचं टोक स्वतःच्याच अंगाला गुंडाळून तो फास पक्का केला. मग त्या फासात छोटी छोटी नागमोडी वळणं सरकवत, इंच इंच करत वर. मध्येच घसरत होता, थांबत होता, धापा टाकत होता. ज्युली सॅविज (पहिल्या उत्तरातली तीच), थॉमस सायबर्ट आणि ब्रूस जेन यांनी हे 2021 च्या जानेवारीत जगासमोर मांडलं. सापाच्या चालण्याच्या चार तऱ्हा शंभर वर्षं पुस्तकांत होत्या, ही पाचवी.

तू कधी कोकणात आलीस तर पाडेली माडावर चढताना नीट बघ. दोन्ही पावलांत काथ्याच्या दोरीचा फास असतो. फासाने खोड धरायचं, अंग वर उचलायचं, पुन्हा फास. सापाचं गणित थोडं वेगळं, पण मला तो व्हिडिओ पाहून पहिला आठवला तो आमच्या आवाठातला पाडेलीच. तोही मध्येच थांबून धापा टाकायचा आणि खाली बघून शिव्या द्यायचा, नारळ वेचायला कुणी नाही म्हणून.

यावर उपाय निघाला तो असा, की सरळ नळकांड्याऐवजी शंकूसारखा पत्रा लावायचा, म्हणजे फास टिकत नाही. वहीत दोन्ही काढून बघ, लगेच समजेल.

प्रश्न : ग्वाममध्ये साप तारेवर चढून वीज घालवतात असं आपण लिहिलंत. कावळे तर रोज तारेवर बसतात, त्यांना काही होत नाही. वायरमन या नात्याने पटलं नाही.
— एक वाचक, कराड

उत्तर : वायरमन या नात्याने तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तुम्ही माझी परीक्षा घेताय. कावळा एकाच तारेवर बसतो. त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर, मग प्रवाह कुठं जाणार? साप दीड-दोन मीटर लांब. शेपटी लोखंडी खांबाला आणि तोंड तारेला, म्हणजे थेट अर्थिंग. किंवा एका फेजवरून दुसऱ्या फेजवर. ग्वाममध्ये 1978 ते 1997 या काळात सापांमुळे वीज गेल्याचे 1600 हून अधिक प्रसंग नोंदले आहेत. नळकांड्यावर चढणारा प्राणी खांबाच्या ताणतारेवर चढणारच.

आमचे हे वीज खात्यात सबस्टेशनवर होते. एका जुलैत, कुडाळकडे पाऊस नुसता कोसळत असताना, रात्री अकराला फीडर ट्रिप झाला. चार तास शोधाशोध झाली. पहाटे ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर अर्धी जळलेली धामण लोंबत होती. बेडकामागे किंवा उंदरामागे चढली असणार. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात यांनी लिहिलं, ‘साप चढला’. वरिष्ठांनी लाल शाईत विचारलं, ‘कोणाच्या परवानगीने?’ ती विनोदबुद्धी होती की खरंच विचारलं होतं, हे निवृत्तीपर्यंत यांना कळलं नाही. आमच्याकडे असं वर्षा-दोन वर्षांतून एकदा व्हायचं. तिकडे सरासरी काढली तर चार-पाच दिवसांतून एकदा.

प्रश्न : तापाच्या गोळीने हा साप मरतो हे खरं का? असेल तर घराभोवती पॅरासिटामॉल टाकून ठेवावं का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं अजिबात नाही.

तपकिरी सापाला 80 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पुरतं. आपण घेतो ती गोळी 500 ची, म्हणजे तिचा सहावा हिस्सा. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. बहुतेक साप मेलेलं खात नाहीत, हा मात्र खातो, म्हणून मेलेल्या उंदराच्या पिल्लात औषध घालता येतं. पिल्लू जमिनीवर टाकलं तर खेकडे नेतील. मग त्याला पुठ्ठा आणि कागदी पट्टी बांधून हेलिकॉप्टरमधून सोडतात. पट्टी फांदीत अडकते, पिल्लू लोंबकळत राहतं, रात्री साप येतो. 2013 मध्ये तिथल्या अमेरिकी हवाई तळावरच्या रानात अशी 2000 पिल्लं टाकली. हे वाचून हसू येतं, पण कुणाला काय मिळेल आणि कुणाला मिळू नये याचा इतका विचार आपण शेतात औषध मारताना करत नाही.

तुमच्या घराभोवती गोळ्या टाकल्या तर कुठलाही साप त्या खाणार नाही. मांजर खाईल आणि मरेल. मांजराला पॅरासिटामॉल विष आहे. औषध एकाला दिलं आणि मेलं भलतंच कुणी, याचा अनुभव आपल्याला आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं गेली, 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी येईपर्यंत आकाश रिकामं झालं होतं. घरात साप आला तर 1926 या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा. आणि दाराशी रचलेली जुनी कौलं हलवा, त्यांनीच साप येतात.

प्रश्न : ग्वामच्या रानात आता खरंच आवाज नाही? आणि गेलेले पक्षी परत येण्याची काही आशा?
— एक वाचक, पणजी

उत्तर : रानात शिरलं की आधी डोळ्यांना जाणवतं, ते म्हणजे कोळ्यांची जाळी. कोळी खाणारे पक्षी गेले. शेजारच्या, पक्षी असलेल्या बेटांशी तुलना केली तेव्हा पावसाळ्यात ग्वामच्या रानात चाळीसपट जाळी भरली. पायवाटेवर चालणारा माणूस हातात काठी घेऊन पुढची जाळी बाजूला करत जातो. झाडांचंही अवघड झालंय. फळं पिकतात आणि बुंध्याखालीच सडतात, बी लांब नेणारं कुणी नाही. दोन जातींच्या झाडांवर काम करणाऱ्यांचा अंदाज असा, की नवी रोपं उगवणं 61 ते 92 टक्क्यांनी घटलं असावं.

पक्ष्यांचं म्हणाल तर दोघांना वेळेवर पकडलं म्हणून ते आहेत. 1980च्या दशकात उरलेसुरले कोको आणि खंड्ये धरून पिंजऱ्यात वाढवले. कोको पुढे शेजारच्या रोता आणि कोकोस बेटांवर सोडले. तिथं ते विणू लागले आणि 2019 मध्ये ‘जंगलातून नामशेष’ या यादीतून बाहेर आले. (कोकोस म्हणजे तेच बेट, जिथं पुढच्याच वर्षी साप निघाले.) खंड्याला चामोरो भाषेत सिहेक म्हणतात, दालचिनीच्या रंगाचं डोकं, निळे पंख. 2024 च्या सप्टेंबरात नऊ सिहेक पाल्मायरा प्रवाळबेटावर सोडले. हवाईच्या दक्षिणेला 1600 किलोमीटरवर, ग्वामहून फार फार लांब. ती जागा निवडायचं एक कारण, तिथं साप नाही. ग्वाममध्ये पस्तिशीच्या आतल्या कुणीही हा पक्षी आपल्या रानात पाहिलेला नाही.

ता. क. – आंबोलीहून एका वाचकाने पाकिटात घालून कात पाठवली आहे आणि ‘हा तोच साप का?’ असं विचारलं आहे. नाही, धामणीची आहे. अखंड निघाली आहे, शेपटीच्या टोकापर्यंत. परत हवी असेल तर कळवा, नाहीतर मी ठेवून घेते.